तडी री, बटण दाबू नका!

सुरत हे शहर आपल्या भागातल्या माणसाला साधारण दोन कारणांनी ठाऊक असते. एक म्हणजे शाळेच्या इतिहासातली शिवाजी महाराजांची १६६४ ची आणि पुन्हा १६७० ची स्वारी. दुसरे म्हणजे लग्नात देण्याघेण्यासाठी काढलेल्या साड्या. दुकान बेळगावचे असो, निपाणीचे असो नाहीतर चिकोडीचे, दुकानदार गाठोडे सोडता सोडता सांगतोच, "हा माल सुरतेचा." या दोन ओळखींशिवाय एक तिसरी ओळख आहे. कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या काठी राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती मुद्दाम करून घ्यावी अशी आहे. ती म्हणजे २००६ सालचा तापीचा पूर.

तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, आपल्या खानदेशातून भुसावळवरून, प्रकाशावरून पुढे जाते आणि उकाईच्या धरणात विसावते. हे धरण १९७२ साली पूर्ण झाले. तिथून सुमारे शंभर किलोमीटर खाली सुरत. ऑगस्ट २००६ मध्ये धरण आधीच बरेच भरलेले होते आणि वरच्या खोऱ्यात, म्हणजे खानदेश-विदर्भाच्या अंगाला, पावसाने धरून झोडपले. उकाईतून सोडलेले पाणी वाढत वाढत नऊ लाख क्युसेकच्या घरात गेले. शहराजवळचे पात्र गाळाने आणि बांधकामांनी आक्रसलेले. त्यात ९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा, म्हणजे समुद्राला उधाणाची भरती. नदीने जायचे तरी कुठे? ७ ऑगस्टपासून पाणी शहरात शिरू लागले आणि अडाजण, रांदेर, कतारगाम, अठवा असे भागच्या भाग बुडाले. राखीपौर्णिमेचा सण लोकांनी वरच्या मजल्यांवर आणि गच्च्यांवर काढला. वीज नाही, प्यायला पाणी नाही, आणि फोन असून नसल्यासारखे.

या शहरात मराठी माणूस थोडाथोडका नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून यंत्रमागावर आणि साड्यांच्या बाजारात कामाला गेलेली हजारो कुटुंबे लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत आहेत. सुरत महापालिकेच्या शाळांत मराठी माध्यमाचेही वर्ग आहेत. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, बाजारात गुजराती असा त्यांचा संसार. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. आपणही आईशी एका भाषेत भांडतो आणि भाजीवालीशी दुसऱ्या. लिंबायतकडे नदीपेक्षा खाड्यांचे पाणी जास्त छळते. तिथे २०२४ च्या जुलैत आणि २०२५ च्या जूनमध्येही घरांत पाणी शिरले होते. म्हणजे हा विषय एका वर्षापुरता नाही.

पूर म्हटला की माणसे, जनावरे, धान्य यांचा विचार आधी येतो आणि तो आधीच यायला हवा. पण पाणी ओसरल्यावर माणूस घरात पाऊल टाकतो तेव्हा त्याच्या नजरेला काय पडते? चिखलात उताणा पडलेला फ्रिज, टीव्ही, मिक्सर, टेबलाखाली ठेवलेला कॉम्प्युटरचा डबा. १९६१ साली पानशेत फुटले तेव्हा मध्यमवर्गीय घरात विजेची वस्तू म्हणजे फार तर रेडिओ आणि पंखा. २००६ च्या सुरतेत तळमजल्यावरच्या एका घरात दहा-बारा उपकरणे होती, त्यातली निम्मी हप्त्यावर घेतलेली. पाणी ओसरले तरी हप्ता ओसरत नाही. आजच्या घरात तर मोबाइलच माणशी एक, वर इन्व्हर्टर, वायफायचा डबा, विजेवरची स्कूटर. म्हणून या उपकरणांतली कोणती वाचतात, कोणती मरतात आणि कशाने मरतात, हे जरा नीट समजून घेऊ.

मी पडलो एम. ए.वाला माणूस. विजेचे शास्त्र मला आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांनी समजावले, आणि त्याहून जास्त आमच्या गल्लीतल्या मोबाइल मेकॅनिकने. दोघांचे म्हणणे एकच निघाले: उपकरण पाण्याने मरत नाही, घाईने मरते.

शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण आपल्या वाट्याला शुद्ध पाणी येतेच कुठे? पुराच्या पाण्यात माती, क्षार, गटाराची घाण, शेतातली खते, सगळे असते. नळाच्या पाण्यात, चहात, सांबारातही क्षार असतातच. असे पाणी मोबाइलच्या आतल्या हिरव्या पाटीवर गेले आणि बॅटरी जोडलेली असली, की नको तिथून वीज वाहू लागते. एका तारेचे तांबे विरघळून दुसऱ्या तारेकडे सरकते, केसासारखे तंतू वाढतात, सांध्यांवर हिरवट-पांढरी बुरशी धरते. वीज नसेल तर हे काम संथ चालते. वीज असेल तर काही मिनिटांतही चिप जळून जाते. आणि आपण काय करतो? भिजलेला फोन हातात घेतला की पहिले बटण दाबतो. "बघू तरी चालू होतो का!" ते बघणेच त्याच्या जिवावर उठते. नाही चालू झाला तर चार्जरला लावतो. म्हणजे उरलीसुरली कसरही भरून निघते.

आपल्या कन्नडमध्ये यासाठी फार छान शब्द आहे. तडी री. थांबा हो. घरातल्या एकाने तरी त्या क्षणी एवढे म्हणायला हवे.

मग करायचे काय? फोन चालू असेल तर बंद करायचा, बंद असेल तर बंदच ठेवायचा. २००६ मध्ये हे सोपे होते. नोकिया ११०० चे मागचे झाकण नखाने निघे, बॅटरी तळहातावर पडे आणि अर्धे संकट टळे. आजच्या फोनची बॅटरी आत चिकटवलेली असते. त्यामुळे बटणाने बंद करणे एवढेच आपल्या हाती. सिम आणि मेमरी कार्डाचा ट्रे काढून घ्यावा, कव्हर काढावे, कापडाने टिपावा, चार्जिंगचे भोक खाली करून तळहातावर हलकेच आपटावा. जोरात झटकू नये, तोंडाने फुंकू नये, कारण त्याने पाणी बाहेर येण्याऐवजी आत जाते. मग पंख्याच्या वाऱ्यात ठेवून द्यावा. केस वाळवायचे गरम यंत्र, गॅसशेजारची जागा, तवा, कडक ऊन, यांतले काही नको. उष्णतेने पडद्याचा गोंद सुटतो आणि बॅटरी फुगते.

आणि तांदूळ. फोन भिजला की घरातली वडीलधारी बाई अक्कीच्या डब्याकडे धावते. जगभर हा समज आहे, आपल्याकडेच नव्हे. पण डब्यातला तांदूळ फोनच्या आतले पाणी ओढून घेत नाही. उघड्या हवेत ठेवलेला फोन त्याहून बरा वाळतो. उलट तांदळाचा पिठूळ भुगा भोकात शिरतो. २०२४ च्या जानेवारीत ॲपल कंपनीनेही आपल्या सूचनांत स्पष्ट सांगितले की आयफोन तांदळात ठेवू नका. तांदळाचा खरा गुण वेगळाच आहे. तो फोनला दोन दिवस हातापासून दूर ठेवतो. तेवढ्यापुरता तांदळाला नमस्कार करायला हरकत नाही. पण तेच काम कपाटाच्या वरच्या फळीनेही होते, आणि भातात काच येण्याची धास्ती राहत नाही.

गढूळ किंवा खारे पाणी गेले असेल तर नुसते वाळवून भागत नाही, कारण पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. पुढच्या दमट दिवसांत ते पुन्हा ओल धरतात आणि आपले काम सुरू ठेवतात. म्हणूनच पुष्कळ फोन वाळल्यावर चालू होतात, आपण पेढे वाटतो, आणि दीड महिन्याने ते एकाएकी डोळे मिटतात. चालू झाला म्हणजे वाचला असे नाही. असा फोन चांगल्या मेकॅनिककडे देऊन उघडून धुऊन घ्यावा लागतो. ऐकायला विचित्र वाटते, पण भिजलेल्या पाटीला औषध म्हणजे पुन्हा धुणे: आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मऊ ब्रशने. मेकॅनिक त्याला 'आयपीए' म्हणतात. ते क्षार सोडवते आणि स्वतः चटकन उडून जाते. पूर्वीचे रेडिओवाले यासाठी 'सीटीसी' नावाचे द्रव वापरत. ते यकृताला घातक आणि ओझोनच्या थरालाही वाईट, त्यामुळे २०१० पासून आपल्या देशात त्याचे या कामासाठीचे उत्पादन थांबले. कुणाच्या दुकानात जुनी बाटली दिसलीच तर जरा लांब उभे राहा. पेट्रोलने आणि थिनरने धुणारे महाभागही आहेत. त्यांच्याकडे फोन देऊ नये.

'वॉटरप्रूफ' या शब्दावरही फार विसंबू नका. आयपी ६७ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, स्थिर पाण्यात एक मीटर खोल, अर्धा तास. पुराच्या लोंढ्याचा किंवा वॉशिंग मशीनच्या फेऱ्याचा त्यात उल्लेख नाही. फोन जुना झाला की आतली रबरी पट्टीही म्हातारी होते. शिवाय आत एक छोटा ठिपका असतो, तो पाणी लागले की लाल होतो, आणि सर्व्हिस सेंटरवाला तोच दाखवून "वॉरंटीत बसत नाही" म्हणतो. त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो.

आता घरातल्या मोठ्या वस्तू. इथे पैशापेक्षा जिवाचा प्रश्न आहे, म्हणून जरा कडक बोलतो. पाण्यात उभे राहून मेन स्विचला हात लावायचा नाही. पाणी उंबऱ्याशी येण्याआधी तो पाडायचा. उशीर झाला असेल तर तसेच बाहेर पडायचे आणि वीजखात्याला कळवायचे. परतल्यावर भिंती वरून कोरड्या दिसतात, पण आतल्या पाइपात आणि बोर्डात पाणी साचलेले असते. वायरमनने तपासल्याशिवाय वीज जोडू नये. छपरावर सोलर असेल तर आणखी एक भान हवे: मेन पाडला तरी ऊन आहे तोवर त्या पॅनेलमधून वीज येतच राहते. ओल्या वायरींना हात नको. विजेवरच्या स्कूटरची बॅटरी बुडाली असेल तर गाडी घराबाहेर मोकळ्यावर ठेवावी आणि चार्जिंगला लावूच नये. लिथियमची बॅटरी भिजल्यावर काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. जुना डबाबंद टीव्ही कुणाकडे अजून असेल तर तो घरी उघडू नये. त्याच्या पिक्चर ट्यूबमध्ये वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो.

मोटारीची गोष्ट मात्र आशादायक आहे. मिक्सर, पंखा, पाण्याचा पंप, यंत्रमागाची मोटर, ही सगळी मूळची दणकट जात. सुरत काय नि आपली इचलकरंजी काय, यंत्रमागाची गावे, आणि दोन्ही नदीकाठी. खोकी वाहून गेली तर गेली, पण बुडालेली मोटर बहुधा परत उभी राहते. वाइंडिंगवाला ती उघडतो, स्वच्छ पाण्याने चिखल धुतो, भट्टीत किंवा मोठे दिवे लावलेल्या पेटीत मंद आचेवर वाळवतो, बेअरिंग बदलतो किंवा धुऊन नवे ग्रीस भरतो, आणि शेवटी 'मेगर' लावून बघतो. तारांवरच्या वेष्टनाचा रोध निदान एक मेगाओहम भरला, तर मोटर जोडायची. नाही भरला तर पुन्हा वाळवायची, तरीही नाही तर वाइंडिंग नवे. घाई केलेली मोटर एका झटक्यात जळते आणि मग तांब्याचा सगळा खर्च अंगावर येतो. ज्याच्या घरची चूल मागावर पेटते त्याला पाणी ओसरल्यावर आठ दिवस थांबा म्हणणे सोपे नाही, हे मला कळते. तरी सांगावे लागते.

फ्रिजचा कॉम्प्रेसर हवाबंद असतो, त्यामुळे तो अनेकदा वाचतो. त्याच्या बाजूचा रिले, वायरिंग आणि थर्मोस्टॅट बदलावे लागतात. पण गटाराचे पाणी फ्रिजच्या भिंतींतल्या फोममध्ये मुरले असेल तर माझे मत असे की त्याचा मोह सोडावा. त्या वासात दूध-दही कोण ठेवणार?

टाकून देण्याआधी मात्र प्रत्येक वस्तूचा फोटो काढून ठेवा, मागच्या नंबराच्या पट्टीसकट. पंचनाम्याला तलाठी येईल तेव्हा आणि विमा असेल तर विमेवाल्यालाही तोच लागतो. पूर आलेल्या गावात लोक आधी सगळे रस्त्यावर फेकतात आणि मग पुरावा शोधत बसतात.

येथवर वस्तूंचे झाले. पण फोन ही आता नुसती वस्तू राहिली नाही. माझा एक विद्यार्थी कृष्णाकाठच्या गावातला. त्याने प्रकल्पासाठी आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर घेतल्या होत्या. आजी एक ओवी मराठीत म्हणे आणि तिच्या पाठोपाठ 'बीसुव पद' कन्नडमध्ये, एकाच चालीवर. आपल्याकडच्या बायकांना त्यात काही विशेष वाटत नाही. आजी २०१९ च्या उन्हाळ्यात गेली आणि ऑगस्टमध्ये पूर आला. नावेत बसताना फोन खिशात भिजला. छावणीत चार मुलांनी मिळून तो सात-आठ वेळा चालू करून पाहिला, कुणीतरी चार्जरही दिला. पडदा एकदा लुकलुकला आणि काळा झाला तो कायमचा. नशीब एवढेच की फोनची आतली जागा भरली होती म्हणून त्याने ओव्या मेमरी कार्डावर टाकल्या होत्या. मेमरी कार्डाची चिप प्लास्टिकात पुरती गाडलेली असते. आमच्या गल्लीतल्या त्या मेकॅनिकने कार्ड साध्या स्वच्छ पाण्याने धुतले, दोन दिवस वाळवले, रीडरमध्ये घातले आणि आजी बोलू लागली. फोटो मात्र फोनमध्येच होते, ते गेले. मुलगा म्हणाला, "सर, आवाज आहे, पण तोंड नाही."

कॉम्प्युटरची हार्डडिस्क भिजली तर तिचा नियम उलटा आहे. तिला वाळवायचे नाही. आतल्या गुळगुळीत तबकड्यांवर चिखल सुकून घट्ट बसला की काम अवघड होते. म्हणून ती ओलसरच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डेटा काढणाऱ्या जाणकाराकडे पोचवावी. हा खर्च मोठा असतो, तेव्हा आत काय आहे याचा हिशेब आधी करावा. आशा मात्र सोडू नये. २००३ साली कोलंबिया अवकाशयान कोसळले, ज्यात आपली कल्पना चावला गेली, त्या यानातली जळकी हार्डडिस्क एका कोरड्या तळ्यात सापडली होती आणि तिच्यातली ९९ टक्के माहिती परत मिळाली. कागदी फोटोंचे अल्बमही तसेच. चिकटलेले फोटो वाळू देऊ नयेत. थंड स्वच्छ पाण्यात सोडून एकेक अलगद सुटा करावा आणि सावलीत, चित्र वर करून पसरावा. एका दिवसात जमणार नसेल तर पिशवीत घालून कुणाच्या तरी फ्रीझरमध्ये ठेवावे. पुरात भिजलेले ग्रंथ मोठी ग्रंथालये असेच गोठवून ठेवतात आणि सवडीने वाळवतात. मालकिणीला विचारून ठेवा म्हणजे झाले.

मे महिन्यात आपण पापड-कुरडया करतो, छपराची कौले शाकारतो. त्याच सुमारास एक दिवस घरातले फोटो आणि आवाज दुसऱ्या गावच्या नातेवाइकाच्या कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर काढून ठेवावेत. दुसऱ्या गावच्या म्हणतो ते मुद्दाम, कारण माळ्यावरचा पेनड्राइव्ह पुरात माळ्यासकट जातो. कागदपत्रांबरोबर एक झिप लावायची जाड पिशवीही असू द्या. घर सोडायची वेळ आली तर फोन बंद करून तिच्यात. आणि नदीकाठी नवे घर बांधत असाल तर तळमजल्याचे प्लगपॉइंट आणि मीटरची पेटी छातीच्या उंचीवर घ्या. कंत्राटदार म्हणेल, दिसायला बरे दिसत नाही. म्हणू दे.